ऐकूं न येणारें मूल आणि कर्णशंखांतील यंत्र

बारशाच्या दिवशीं पाळण्यांतील बाळाच्या कानाशीं तोंड नेऊन आत्या 'कुर्रर्र' करते आणि ठेवलेलें नांव त्याला प्रथम सांगते. हा विधि आपल्याकडे किती हौसेनें होतो हें वाचकांस सांगावयास नको. नाक कोणाचें, जिवणी कोणाची, रंग कोणत्या आजोळावर गेला, यांचा त्या दिवशीं माजघरांत भरपूर ऊहापोह होतो. पण आत्येनें सांगितलेलें नांव बाळाच्या कानांतून आंत पोंचलें कीं नाहीं, ही शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. येण्याचें कारणहि नसतें; कारण हजार मुलांपैकीं एकदोन सोडून बाकी सर्वांच्या बाबतींत तें पोंचलेलेंच असतें. त्या उरलेल्या एकदोन मुलांविषयीं येथें लिहावयाचें आहे.

जन्मतः बहिरें असलेलें मूल नुसतें पाहून ओळखतां येत नाहीं. तें हसतें, हुंकार देतें, पहिले पांचसहा महिने इतर मुलांसारखेच आवाजहि काढतें. कारण तो कंठाचा स्वाभाविक खेळ असतो, त्याला कानाची जरूर नसते. पुढें इतर मुलें ऐकलेल्या आवाजांची नक्कल करूं लागतात, आणि हें मूल हळूहळू गप्प होत जातें. घरांत कोणास शंका आलीच, तर त्याच्या पाठीमागें ताट वाजवून पाहण्यांत येतें. मूल वळून पाहतें आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. वास्तविक तें वळलेलें असतें सावली हलली म्हणून, वाऱ्याची झुळूक लागली म्हणून, किंवा फरशीची थरथर अंगाला जाणवली म्हणून. मग दीड वर्ष होतें, दोन होतात, शब्द एकहि नाहीं, तेव्हां वडील मंडळींचा ठराविक निकाल ऐकूं येतो, "त्याचा बाप तरी कुठें लवकर बोलला? तिसऱ्या वर्षापर्यंत मुका होता!" हें मायेपोटीं म्हटलेलें असतें, यांत संशय नाहीं. परंतु त्या मायेपायीं जें एक वर्ष जातें, तें पुढें कोणत्याहि शस्त्रवैद्यास परत आणून देतां येत नाहीं. तें कां, हें पुढें येईलच.

दुसरी समजूत अशी कीं, मूल मुकें आहे. अशा मुलाची जीभ, टाळू आणि कंठ हीं बहुतेक निर्दोष असतात. तें बोलत नाहीं, कारण बोलणें म्हणजे काय हें त्यानें कधीं ऐकलेलेंच नसतें. म्हणून जिभेला मध-वेखंड चाटविल्यानें कांहीं साधत नाहीं. दोष तेथें नसतोच.

तिसरी समजूत सर्वांत क्लेशकारक. गरोदरपणीं ग्रहणांत कांहीं चिरलें असेल, असें म्हणून सुनेकडे बोट दाखविण्यांत येतें, आणि "आमच्या घराण्यांत कोणी बहिरें नाहीं" हें वाक्य पुरावा म्हणून पुढें केलें जातें. जन्मजात बहिरेपणापैकीं निदान निम्मा आनुवंशिक असतो, आणि त्यांतील फार मोठ्या भागांत आईबाप दोघांनाहि उत्तम ऐकूं येत असतें. दोघांच्याहि ठिकाणीं एकेक सदोष जनुक सुप्त असतें, तीं दोन्ही मुलाकडे आलीं म्हणजे दोष प्रकट होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाच्या बाबतींत हा संभव चारांत एक इतका असतो. 'कॉनेक्झिन-२६' या प्रथिनाच्या जनुकांतील दोष हें याचें जगभर आढळणारें उदाहरण. तें १९९७ सालीं उजेडांत आलें. म्हणजे अशा ठिकाणीं दोष दोन्ही घराण्यांकडून समसमान आलेला असतो. जवळच्या नात्यांत लग्न झालें असतां तेंच सदोष जनुक दोहोंकडे असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. गोत्र निराळें असलें म्हणजे रक्तहि निराळें झालें असें नव्हे. याशिवाय गरोदरपणांतील रुबेला म्हणजे जर्मन गोवर, फार अगोदर झालेला जन्म, नवजाताची तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि जेंटामायसिनसारखीं कांहीं औषधें हीं कारणें आहेत. ग्रहण त्यांत नाहीं.

तपासणी सोपी आहे. नवजात मुलाच्या कानांत बारीक नळी ठेवून आवाज सोडतात, आणि निरोगी कानाच्या अंतर्भागांतून जो अतिसूक्ष्म प्रतिध्वनि परत येतो तो मोजतात. ही 'ओएई' तपासणी. तींत शंका आली तर मूल झोपलें असतां डोक्यास तारा चिकटवून, आवाजाला श्रवणाच्या मज्जातंतूकडून व मेंदूकडून मिळणारें उत्तर टिपतात. हिला 'बेरा' म्हणतात. मुलाला वेदना होत नाहीं, त्याच्या सहकार्याचीहि गरज नसते. पहिल्या महिन्यांत प्राथमिक तपासणी, तिसऱ्याच्या आंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपाय, असा क्रम तज्ज्ञांनीं घालून दिला आहे. प्रसूतिगृहांतून निघतांना आपण लशींची चौकशी करतों, तशी याचीहि करावी. न विचारतां ही तपासणी सर्वत्र होतेच असें नाहीं.

उपाय म्हणजे प्रथम नेहमींचें श्रवणयंत्र. कांहीं महिने दोन्ही कानांस तें लावून पाहतात. पुष्कळ मुलांचें काम त्यानें भागतें. परंतु दोष अतितीव्र असेल तर तें पुरत नाहीं, आणि कां पुरत नाहीं हें समजण्यास कानाच्या आंत थोडें डोकावलें पाहिजे. ध्वनीच्या लाटा पडद्यावर आदळतात, तेथून तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीनें आंत जातात, आणि वाटाण्याएवढ्या, गोगलगायीच्या शंखासारखे अडीच वेढे असलेल्या एका अवयवांत शिरतात. वैद्यकांत त्यास 'कॉक्लिआ' म्हणतात; आपण कर्णशंख म्हणूं. त्यांत द्रव भरलेला असतो, आणि आंतल्या पट्टीवर सुमारें पंधरा हजार केसपेशी ओळीनें उभ्या असतात. बाजाच्या पेटींतील सूर एका रांगेंत असावेत आणि ती रांग गुंडाळून ठेवावी, तशी ही रचना आहे: शंखाच्या तोंडाशीं तार स्वर, टोंकाशीं खर्ज. द्रवाच्या हालचालींतून हा स्वरभेद पट्टीवर कसा उमटतो हें दाखविणारे जॉर्ज फॉन बेकेशी यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. केसपेशी हालल्या कीं त्या हालचालीचें विजेंत रूपांतर होतें, आणि ती वीज मज्जातंतूमधून मेंदूकडे जाते.

जन्मजात किंवा तीव्र बहिरेपणांत बहुधा या केसपेशीच गेलेल्या असतात. पक्ष्यांच्या ठिकाणीं त्या पुनः उगवतात; मनुष्यास हें भाग्य नाहीं. मागचा मज्जातंतु मात्र पुष्कळदां शाबूत असतो. साधें श्रवणयंत्र आवाज मोठा करतें, एवढेंच. दाराशीं कितीहि हाका मारल्या तरी आंत उठून दार उघडणाराच नसेल तर काय उपयोग? केसपेशींना वगळून मज्जातंतूलाच थेट विजेची हाक द्यावयाची, ही कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेमागील कल्पना.

कल्पना जुनी आहे. विजेची पहिली बॅटरी करणारे इटलीचे व्होल्टा यांनीं तिचीं दोन टोंकें स्वतःच्याच दोन्ही कानांत घातलीं आणि १८०० सालीं तो अनुभव लिहून ठेवला. डोक्यांत धक्का बसला, आणि मग कांहीं दाट पदार्थ रटरटत असावा तसा आवाज येऊं लागला. हा प्रयोग पुनः पुनः करण्याचें धाडस त्यांनीं केलें नाहीं, हें शहाणपणाचेंच झालें. त्यानंतर दीडशें वर्षें ही गोष्ट कुतूहलापलीकडे फारशी गेली नाहीं. १९५७ च्या फेब्रुवारींत पॅरिस येथें जूर्नो व एरिएस या दोघांनीं दोन्ही कान गेलेल्या एका मनुष्याच्या श्रवणतंतूशीं तार जोडली. रातकिड्यांसारखे आवाज त्यास ऐकूं आले, कांहीं थोडे शब्दहि ओळखतां येऊं लागले. परंतु यंत्र बिघडलें, दुसरें बसविलें, तेंहि बिघडलें. या कामाची एक बातमी लॉस अँजेलिस येथील डॉक्टर विल्यम हाउस यांच्याकडे त्यांच्या एका रुग्णानें आणून दिली. हाउस मूळचे दंतवैद्य. त्यांनीं १९६१ सालीं शस्त्रक्रियेस आरंभ केला, आणि त्यांच्या एकतारी यंत्रास १९८४ सालीं अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. एका तारेनें आवाजाची चाहूल लागे, ओठ वाचण्यास मदत होई. पण केवळ कानांनीं बोलणें समजे, असें म्हणतां येत नव्हतें.

एका तारेच्या अनेक तारा करण्याचा उद्योग ऑस्ट्रेलियांत झाला, आणि त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. ग्रॅहम क्लार्क यांचे वडील कॅम्डन गांवीं औषधांचें दुकान चालवीत. त्यांस कमी ऐकूं येई. गिऱ्हाइकाशीं बोलतांना बापाची होणारी कुचंबणा लहानपणीं पाहिलेला हा मुलगा पुढें कानाचा शस्त्रवैद्य झाला, मेलबर्न विद्यापीठांत प्राध्यापक झाला, आणि या एका प्रश्नामागें लागला. हजारों केसपेशींचें काम वीसबावीस टोंकें कशीं करणार, म्हणून बरोबरीचे शास्त्रज्ञ साशंक होते. दुसरी अडचण अगदीं व्यवहारांतली होती: शंखाच्या वळणावळणांतून नाजूक तार इजा न करतां आंत खोल सरकवावी कशी? १९७७ च्या सुमारास कुटुंबासह समुद्रकिनाऱ्यावर गेले असतां क्लार्क यांनीं वाळूंतला एक शंख उचलला आणि त्यांत गवताचीं पातीं घालून पाहूं लागले. बुडाशीं ताठ व शेंड्याशीं लवचीक असें पातें वळणें घेत सहज आंत जात होतें. तार तशीच केली. १ ऑगस्ट १९७८ रोजीं मेलबर्न येथें त्यांनीं मोटारअपघातांत ऐकणें गमावलेल्या एका गृहस्थावर पहिली बहुतारी शस्त्रक्रिया केली. पुढें चांचणींत राष्ट्रगीत वाजविलें असतां तो गृहस्थ ताडकन् उठून उभा राहिला, आणि त्याच्या यंत्राला जोडलेल्या ताराच निघतात कीं काय अशी वेळ आली, असें सांगतात. त्याच सुमारास व्हिएन्नांत इंगेबोर्ग व एर्विन होखमायर हें दांपत्य याच खटपटींत होतें; त्यांचें पहिलें यंत्र १९७७ च्या डिसेंबरांत बसलें. अमेरिकेंत ब्लेक विल्सन यांनीं १९९१ सालीं बोलण्याचें विजेंत रूपांतर करण्याची जी नवी पद्धति प्रसिद्ध केली तिनें शब्द पुष्कळच स्पष्ट झाले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांस २०१३ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें. आपल्याकडे या शस्त्रक्रियेच्या प्रसारांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांस २०१४ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

यंत्राचे भाग दोन. एक बाहेरचा, कानामागें अडकविण्याचा: तो आवाज पकडून त्याचें पृथक्करण करतो. दुसरा कातडीखालीं कायमचा बसविलेला. दोहोंना चुंबक असतो, त्यामुळें ते कातडीच्या दोन बाजूंनीं एकमेकांस धरून राहतात. आंतल्या भागांत बॅटरी नसते. वीज व संदेश दोन्ही बाहेरून कातडीपलीकडे जातात, आणि कर्णशंखांत सरकविलेल्या तारेवरील बारा ते बावीस टोंकांतून मज्जातंतूला मिळतात. पूर्ण भूल देऊन कानामागें छेद घेतात, तेथील हाड कोरून वाट करतात, आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला जपत जपत शंखापर्यंत पोंचतात. एका कानास साधारण दोनतीन तास लागतात. चक्कर, चवींत फरक, जखम चिघळणें, क्वचित् चेहऱ्याच्या मज्जातंतूस इजा, हे धोके आहेत. थोडेंबहुत नैसर्गिक ऐकणें उरलें असेल तर तेंहि जाण्याचा संभव असतो. मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा धोका टाळण्यासाठीं न्यूमोकोकसची लस आधीं देतात. 'एमआरआय' करून मज्जातंतु आहे याची खात्री करून घेतात. तो मुळांतच नसेल तर या शस्त्रक्रियेचा उपयोग नाहीं. लहान मुलाचें डोकें वाढेल तेव्हां तार अपुरी पडेल, अशी भीति आजीबाईंस वाटते. पण कर्णशंख जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो, तो पुढें वाढत नाहीं. निसर्गानें येथें शस्त्रवैद्याची मोठीच सोय करून ठेविली आहे.

मेंदूच्या आवरणाच्या दाहानें कान गेले असतील तर मात्र घाई केली पाहिजे. त्या रोगानंतर कर्णशंखाच्या पोकळींत हाड वाढूं लागतें, आणि कांहीं आठवड्यां-महिन्यांत तार घालण्यास जागाच उरत नाहीं.

जखम भरल्यावर, साधारण तीनचार आठवड्यांनीं, यंत्र प्रथम चालू करतात. त्या क्षणाच्या चित्रफिती पुष्कळांनीं पाहिल्या असतील: मूल दचकतें, हसतें, आईचे डोळे भरून येतात. त्या खऱ्या असतात, पण त्या पाहून गैरसमज फार होतो. मुलाला त्या दिवशीं आवाज मिळतो, भाषा मिळत नाहीं. कित्येक मुलें भांबावून रडतात. जन्मापासून बहिऱ्या मुलाचें ऐकण्याचें वय त्या दिवसापासून मोजावयाचें असतें. दीड वर्षाचें असतां यंत्र बसलें, तर तीन वर्षांच्या वाढदिवशीं तें ऐकण्याच्या दृष्टीनें दीड वर्षाचेंच असतें. पुढें वेळोवेळीं श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन यंत्राचें माप जुळवून घ्यावें लागतें, त्यास 'मॅपिंग' म्हणतात.

येथें त्या गमावलेल्या वर्षाचा प्रश्न येतो. मेंदूचा जो भाग ऐकण्याकरितां राखलेला आहे, त्याला पहिल्या तीनसाडेतीन वर्षांत ध्वनि मिळाला नाहीं तर तो भाग दुसऱ्या कामांकडे, विशेषतः दृष्टीकडे, वळूं लागतो. घरांतली रिकामी खोली पाहुण्यांनीं व्यापावी, तसें होतें. मग धनी आला तरी त्यास पथारी पसरण्यास जागा नसते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीं यंत्र बसलेलें मूल पुष्कळदां इतर मुलांबरोबर साध्या शाळेंत जाऊं शकतें, आणि जन्मापासून कांहींच न ऐकलेल्या आठदहा वर्षांच्या मुलास तेंच यंत्र, तोच शस्त्रवैद्य आणि तोच खर्च करूनहि फार थोडें साधतें. अमेरिकेंत १९९० सालीं दोन वर्षांवरील मुलांस परवानगी मिळाली, २००० सालीं ती मर्यादा एक वर्षावर आणि २०२० सालीं नऊ महिन्यांवर आली, ती यामुळेंच.

तीन तासांचें काम शस्त्रवैद्याचें. तीन वर्षांचें काम घराचें. वाचा-उपचाराचा वर्ग आठवड्यांतून एकदोनदां होतो, बाकी सर्व वेळ मूल घरींच असतें. आणि येथें एकत्र कुटुंबासारखी दुसरी शाळा नाहीं, असें माझें मत आहे. आई स्वयंपाकांत गुंतली तर आजी गोष्ट सांगावयास मोकळी असते. काकू भाजी निवडतांना एकेका शेंगेचें नांव घेते. आजोबांच्या परवच्यांतील पाढे रोज त्याच चालीवर कानांवर पडतात. बायकांचा, पुरुषांचा, पोरांचा असे नाना गळे त्याच्या ओळखीचे होतात. मात्र याच घराचा एक दोषहि आहे, तो म्हणजे गलबला. हें यंत्र गोंगाटांतून बोलणें निवडण्यांत फार कच्चें आहे. टीव्ही चालू, कुकरची शिटी, स्टीलच्या भांड्यांची आदळआपट आणि चौघांचें एकदम बोलणें यांत त्या मुलास कांहींच हातीं लागत नाहीं. एकानें बोलावें, जवळून बोलावें, आधीं नांव घेऊन मग बोलावें, आणि ओरडूं नये. सर्वांनीं प्रथम घरची एकच भाषा बोलावी, हेंहि बहुतेक ठिकाणीं हिताचें ठरतें. शेजारच्या इंग्रजी शाळेची चिंता त्या वयांत कशाला?

रोज सकाळीं यंत्र लावल्यावर एक लहानशी परीक्षा घेण्याचा प्रघात आहे. डॅनियल लिंग या शिक्षणतज्ज्ञांनीं सहा ध्वनि निवडले: म, ऊ, आ, ई, श, स. खर्जापासून तार स्वरापर्यंत बोलण्याचा सर्व पल्ला या सहांत येतो. मुलाच्या मागें उभें राहून, तोंड दिसूं न देतां, एकेक म्हणावा. मुलानें तो परत म्हणावा किंवा डब्यांत एक मणी टाकावा. काल 'स' ऐकूं येत होता आणि आज येत नाहीं, तर यंत्रांत कांहीं बिघडलें आहे असें समजावें. हें काम घरांतील दहा वर्षांची ताईहि उत्तम करते.

न्हाऊ घालतांना व झोपतांना बाहेरचा भाग काढून ठेवितात, आणि त्या वेळीं मूल पूर्ववत् बहिरें असतें. म्हणून रात्रीं खोलींत मंद दिवा असावा, आणि उठवितांना हाक न मारतां स्पर्श करावा. कोंकणच्या पावसाळ्यांत दमट हवेनें यंत्र बिघडतें. तें रात्रीं ओल शोषणाऱ्या डबींत ठेवावें.

खर्च मोठा आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. यंत्राचीच किंमत लाखांत जाते, आणि बॅटऱ्या, तारा, कांहीं वर्षांनीं बदलावा लागणारा बाहेरचा भाग, हा ओघ पुढें चालूच राहतो. शस्त्रक्रियेपुरती वर्गणी जमवून पुढें तार तुटली म्हणून यंत्र कपाटांत पडून राहिल्याचे प्रकार घडतात. हिशेब प्रथमच दहा वर्षांचा मांडावा. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेंतून मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांस हें यंत्र मिळूं शकतें. २०१४ च्या नियमांत एका यंत्रामागें सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. या कामीं मुख्य संस्था म्हणजे मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. तेथें चौकशी करावी.

या शस्त्रक्रियेस विरोध करणारेहि आहेत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनें १९९१ सालीं लहान मुलांवर ती करण्याचा निषेध केला होता. २००० सालीं तिनें आपली भूमिका बरीच सौम्य केली. बहिरेपणा हा रोग नव्हे, खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, आणि बोलतें करण्याच्या अट्टाहासांत मुलाला कोणतीच भाषा न मिळण्याचा धोका असतो, असें त्यांचें प्रतिपादन. यांतील शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. ज्या मुलास यंत्राचा लाभ होणार नाहीं, किंवा ज्याचें वय निघून गेलें आहे, त्याला खुणांची भाषा नाकारणें हा अन्याय होय. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं दिल्लींत २०१५ सालीं सरकारी केंद्र निघालें आहे. यंत्र बसलेल्या मुलानें खुणा केल्या तर बोलणें मागें पडेल, अशा भीतीनें त्याचे हात धरून ठेवणारे आईबाप असतात. तसें करूं नये.

वृद्धांविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. म्हातारपणीं किंवा आजारानें पूर्ण ऐकूं येईनासें झालेल्या, श्रवणयंत्रानेंहि भागत नसलेल्या मनुष्यास ही शस्त्रक्रिया उपयोगी पडते. प्रकृति भूल सोसण्यासारखी असेल तर केवळ वयाची आडकाठी नाहीं. त्याच्या मेंदूंत भाषा तयारच असते, म्हणून लहान मुलास वर्षें लागतात तें त्यास बहुधा महिन्यांत साधतें. पहिले कांहीं आठवडे सुनेचा व नातवाचा आवाज सारखाच, यंत्रांतून निघाल्यासारखा वाटतो, अशी तक्रार आजोबांनीं केली तर ती खरी मानावी. मेंदूस सवय होतां होतां आवाज ओळखीचे होऊं लागतात. स्वराची उंचसखलता मात्र या बारा-बावीस टोंकांतून नीट उतरत नाहीं. ताल कळतो, शब्द कळतात, पण सुराची ओळख पटणें कठीण जातें. ज्यांनीं आयुष्यभर गाणें ऐकलें आहे त्यांना ही गोष्ट शस्त्रवैद्यानें, आणि त्यानें नाहीं तर घरच्यांनीं, सहीच्या कागदापूर्वीं स्पष्ट सांगावी.